‘फोर्थविथ’ म्हणजे नेमके केव्हा?

१३ जानेवारी १९५६ रोजी मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी काही माणसांना स्थानबद्ध करण्याचे आदेश काढले. १६ तारखेला ती माणसे पकडली गेली. आदेश काढल्याचा अहवाल आयुक्तांनी राज्य सरकारकडे पाठवला तो २१ तारखेला. कायद्यात लिहिले होते की असा अहवाल ‘फोर्थविथ’ पाठवावा. आठ दिवसांनी पाठवलेला अहवाल ‘फोर्थविथ’ ठरतो की नाही, या प्रश्नावर त्या माणसांची सुटका अवलंबून होती, आणि त्याचा निकाल त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये थेट सर्वोच्च न्यायालयाने दिला. एका इंग्रजी क्रियाविशेषणाचा अर्थ लावण्यासाठी देशातल्या सर्वांत वरच्या न्यायालयाला बसावे लागले, हे वाचल्यापासून तो शब्द माझा पिच्छा सोडेना. न्यायालयीन कागदपत्रांचे भाषांतर करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. त्यामुळे ‘फोर्थविथ’ दिसला की ‘तत्काळ’ लिहायचे, हे हाताच्या सवयीचे होते. पण ‘तत्काळ’ म्हणजे तरी केव्हा?

इंग्रजी बोलणारा माणूस घरात किंवा बाजारात ‘फोर्थविथ’ म्हणत नाही. मुलाला पाणी आणायला सांगताना तो हा शब्द वापरू लागला, तर घरातले हसतील. शब्द भेटतो तो नोटिशीत, हुकमात, करारात, कलमात. त्याची घडण मात्र साधी आहे. ‘फोर्थ’ म्हणजे पुढे, ‘विथ’ म्हणजे सोबत. जुन्या इंग्रजीत ‘विथ’च्या जागी ‘मिड’ असे आणि त्या जोडीचा अर्थ ‘च्या बरोबर’, ‘त्यासोबतच’ असा होता. मध्ययुगात सोबतीचा हा अर्थ काळाकडे सरकला. एका गोष्टीच्या सोबतच दुसरी घडली, म्हणजे मध्ये वेळ गेला नाही, म्हणजे लगेच घडली. आपल्या ‘लगोलग’ आणि ‘लागलीच’ या शब्दांतही लागून असण्याचीच कल्पना आहे. दोन गोष्टींच्या मध्ये फट नसणे म्हणजे त्वरा, हे दोन्ही भाषांना स्वतंत्रपणे सुचलेले दिसते.

या शब्दाचे महत्त्व कळायचे, तर त्याच्या भाऊबंदांचे काय झाले ते पाहायला हवे. ‘लगेच’ या अर्थाचे इंग्रजीतले शब्द एकामागून एक झिजत गेले. आज ‘सून’ म्हणजे थोड्या वेळाने. जुन्या इंग्रजीतला त्याचा पूर्वज ‘सोना’ याचा अर्थ होता ताबडतोब. ‘अनॉन’ हा शब्द ‘एकात’ अशा अर्थाच्या दोन शब्दांपासून झाला. मूळ अर्थ एका दमात, त्याच क्षणी. पुढे त्याचाही ‘जरा वेळाने’ झाला. ‘प्रेझेंटली’ म्हणजे या क्षणी. तोही ‘थोड्या वेळात’वर घसरला.

हे कसे होते, याचे झकास उदाहरण शेक्सपिअरने ठेवले आहे. चौथ्या हेन्रीवरच्या नाटकाचा पहिला भाग १५९८ मध्ये छापला गेला. त्यात ईस्टचीपच्या दारूच्या गुत्त्यावर फ्रान्सिस नावाचा पोऱ्या आहे. राजपुत्र हॅल त्याची थट्टा करायची ठरवतो. आपल्या मित्राला तो आतून फ्रान्सिसला हाका मारायला बसवतो आणि स्वतः त्याला बोलण्यात गुंतवून ठेवतो. बिचारा फ्रान्सिस प्रत्येक हाकेला ‘अनॉन, अनॉन’ ओरडत राहतो आणि जागचा हलत नाही. आपल्याकडच्या हॉटेलात पाच टेबलांवरून एकदम हाका आल्यावर पोऱ्या ‘आलो साहेब’ म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. शब्द लगेच जातो, माणूस मागाहून. असे लाख वेळा झाले की ऐकणारा त्या शब्दाचा अर्थ ‘जरा थांबा’ असा घ्यायला शिकतो. शब्दकोशकाराने पुढे काय लिहायचे, ते अशा गुत्त्यांमध्येच ठरलेले असते.

झिजण्याचे परिणाम नेहमी विनोदी नसतात. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये, मार्ककृत शुभवर्तमानात, हेरोदियेची मुलगी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शीर तबकात मागते. ते तिला केव्हा हवे आहे, हे सांगणारा इंग्रजी शब्दप्रयोग आहे ‘बाय अँड बाय’. तेव्हा त्याचा अर्थ होता ताबडतोब, आणि मूळ ग्रीक शब्दही तेच सांगतो. राजाला विचार बदलायला अवधीच मिळू नये, यासाठी ती घाई आहे. प्रसंगाची सगळी क्रूरता त्या एका शब्दात आहे. पण पुढच्या शतकांत ‘बाय अँड बाय’चा अर्थ ‘यथावकाश’ असा झाला आणि इंग्रज वाचकाला ती मुलगी सवडीने शीर मागताना दिसू लागली. १८८१ मध्ये नव्या कराराची सुधारित इंग्रजी आवृत्ती निघाली, तेव्हा संपादकांनी तो शब्दप्रयोग काढून टाकला. त्या जागी त्यांनी बसवला ‘फोर्थविथ’.

म्हणजे इतके सगळे शब्द झिजले तरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा एक शब्द विश्वासाचा उरला होता. मला याचे कारण सरळ वाटते. ‘फोर्थविथ’ बाजारातून केव्हाच उठून कचेरीत जाऊन बसला होता. जो शब्द फ्रान्सिसच्या तोंडी नाही, त्याला फ्रान्सिस झिजवू शकत नाही.

पण कचेरीतही माणसेच बसतात. त्याच १८८१ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयापुढे दिवाळखोरीचे एक प्रकरण होते. अपिलाची सूचना ‘फोर्थविथ’ पाठवायची असा नियम होता आणि ती तशी गेली की नाही, हा वाद. न्यायालयाने सांगितले की या शब्दाचा अर्थ नियमाचा हेतू आणि प्रकरणाची परिस्थिती पाहून लावायचा. घड्याळ पुढे ठेवून नव्हे. बायबलच्या संपादकांना जो शब्द पक्का वाटला, तो न्यायाधीशांनी त्याच वर्षी सैल केला. अर्थात न्यायाधीशांचेही खरे होते. सूचना लिहायला, नक्कल करायला, पोहोचवायला वेळ लागतोच. ‘त्याच क्षणी’ हा अर्थ शब्दशः धरला, तर जगातला कोणताही कारकून निर्दोष सुटणार नाही.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. कायदा करणाऱ्याला वेळ सांगायची असते, तेव्हा त्याच्याकडे दोन वाटा असतात. एक आकड्याची: चोवीस तास, पाच दिवस, एक महिना. दुसरी क्रियाविशेषणाची. आकड्याला कारण विचारावे लागत नाही. मुदत संपली की संपली. पण आकड्याला एक खोड आहे. पाच दिवसांची मुदत दिली की काम पाचव्या दिवशीच होते. क्रियाविशेषण लिहिणाऱ्याला म्हणायचे असते की, पहिल्या तासात करता येत असेल तर पहिल्या तासात कर, आणि तसे केले नाहीस तर का नाही ते सांग. ‘फोर्थविथ’चे खरे बळ या दुसऱ्या अर्ध्या भागात आहे.

हे बळ गमावले की काय होते, याचे विसाव्या शतकातले सर्वांत मोठे उदाहरण अमेरिकेतले आहे. गोऱ्या आणि काळ्या मुलांसाठी वेगळ्या शाळा ठेवणे घटनाविरोधी आहे, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी ब्राऊन खटल्यात दिला. मुले एकत्र बसवायची ती केव्हापासून, हा प्रश्न पुढच्या सुनावणीसाठी ठेवला. १९५३ मध्ये न्यायालयाने दोन्ही बाजूंना जे प्रश्न लिहून दिले होते, त्यांत हा पर्याय स्पष्ट मांडलेला होता: काळ्या मुलांना शाळांत ‘फोर्थविथ’ प्रवेश द्यावा की हळूहळू जुळवून घेऊ द्यावे? थर्गुड मार्शल आणि त्यांचे सहकारी वकील पहिल्या बाजूने लढत होते. ३१ मे १९५५ रोजी निकाल आला. त्यात ‘फोर्थविथ’ नव्हते. त्याऐवजी जे शब्द आले, त्यांचे मराठी ‘पूर्ण विचारी वेगाने’ असे काहीसे करता येईल. हे शब्द न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांच्या आग्रहाचे, आणि न्यायमूर्ती होम्स यांनी १९११ च्या एका निकालात वापरलेले.

दक्षिणेतल्या राज्यांनी त्यातला ‘विचारी’ तेवढा उचलला आणि ‘वेग’ सोडून दिला. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने तर १९५९ मध्ये सरकारी शाळाच बंद केल्या आणि पाच वर्षे बंद ठेवल्या. निकालाला दहा वर्षे होत आली, तरी दक्षिणेच्या अकरा राज्यांत गोऱ्यांबरोबर शिकणारी काळी मुले शंभरात दोनही नव्हती. शेवटी १९६९ मध्ये न्यायालयाला मिसिसिपीच्या एका प्रकरणात साध्या शब्दांत ‘आत्ताच्या आत्ता’ म्हणावे लागले. ‘फोर्थविथ’ लिहिले असते तर दक्षिण एका रात्रीत बदलली असती, असे मी म्हणणार नाही. पण मग प्रत्येक शाळामंडळाला ‘उशीर का?’ याचे उत्तर पहिल्या दिवसापासून द्यावे लागले असते. ‘विचारी वेग’ या शब्दांनी उशिरालाच विचाराचा मान दिला.

आता मुंबईच्या त्या आठ दिवसांकडे. १९५० चा प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा मुळात एका वर्षासाठी केलेला होता. मुदती वाढत वाढत तो १९६९ अखेरपर्यंत चालला, हेही ओघात सांगण्यासारखे. या कायद्याखाली खटला न चालवता माणसाला कोंडता येत असे. म्हणून त्यात काही कड्या घातलेल्या होत्या. पोलीस आयुक्तांसारख्या अधिकाऱ्याने आदेश काढला, तर त्याने तो ‘फोर्थविथ’ राज्य सरकारला कळवावा. आणि सरकारने बारा दिवसांत मान्यता दिली नाही, तर आदेश आपोआप संपावा. दुसऱ्या एका कलमात स्थानबद्ध माणसाला त्याची कारणे ‘होईल तितक्या लवकर’, पण फार तर पाच दिवसांत, कळवावीत असे म्हटले होते. एकाच कायद्यात आकडाही होता आणि क्रियाविशेषणही.

प्रसंग संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा होता. १६ जानेवारीला पंडित नेहरूंनी आकाशवाणीवरून मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर केला आणि शहर पेटले. पुढचे काही दिवस दगडफेक, जाळपोळ, गोळीबार, माणसे मरत होती. त्या दिवसांच्या कहाण्या आपल्याकडे घरोघर आहेत, त्या इथे पुन्हा सांगत नाही. अटका त्या निर्णयाच्याच दिवशी झाल्या. न्यायालयात गेलेल्यांपैकी ज्यांच्या नावाने हा खटला ओळखला जातो, ते केशव नीळकंठ जोगळेकर. १९२९ मध्ये सुरू झालेल्या मेरठ कटाच्या खटल्यातील आरोपींच्या यादीतही हे नाव आहे; कामगार चळवळीचा इतिहास वाचणाऱ्यांना ते परके वाटणार नाही.

अर्जदारांचे म्हणणे सरळ होते. अहवाल ‘फोर्थविथ’ गेला नाही, सबब स्थानबद्धता बेकायदा. पोलीस आयुक्तांचे उत्तर होते की, त्या दिवसांत शहरातली परिस्थिती अशी होती की सगळे पोलीस खाते दंगल आवरण्यात गुंतले होते.

निकाल न्यायमूर्ती वेंकटराम अय्यर यांनी लिहिला. त्यातले शब्दविवेचन मला आजही वाचनीय वाटते. एकाच कायद्यात ‘फोर्थविथ’ आणि ‘होईल तितक्या लवकर’ असे दोन शब्दप्रयोग आहेत, तेव्हा त्यांचे अर्थ वेगळे असलेच पाहिजेत, असे त्यांनी धरले. ‘होईल तितक्या लवकर’ यात अधिकाऱ्याची वाजवी सोय बसते. ‘फोर्थविथ’ त्याहून कडक. त्यात फक्त टाळता न येणारा उशीर माफ आहे. अधिकाऱ्याकडे स्वतःची काही कसूर नसताना जितका वेळ जाईल तितकाच. उशिराचा खुलासा देण्याची जबाबदारी अधिकाऱ्याची. इतके स्पष्ट सांगून न्यायालयाने आयुक्तांचा खुलासा पुरेसा मानला आणि अर्ज फेटाळले.

नियम इतका चांगला आणि निकाल असा का, हे मला पडलेले कोडे आहे. शहर जळत होते, हे खरे. पण आदेश १३ तारखेचा आहे. क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या पोलीस आयुक्तालयापासून सचिवालय पायी तासाभराच्या आतले. अमुक माणसांना स्थानबद्ध करण्याचा आदेश काढला, एवढे कळवायला चार ओळी पुरतात. आदेश लिहायला ज्यांना सवड झाली, त्यांना तो कळवायला आठ दिवस सवड झाली नाही, हे माझ्या मनाला पटत नाही. शहर शांत असते तेव्हा अशा कायद्याची कुणाला फारशी गरज नसते. तो वापरला जातो तो गडबडीतच. मग गडबड हीच उशिराची सबब म्हणून चालणार असेल, तर ‘फोर्थविथ’ची कडी जिथे अडकायला हवी नेमकी तिथेच सुटते. तरीही मी त्या निकालाला निरुपयोगी म्हणणार नाही. अहवालाला उशीर झाला की सरकारने खुलासा करावा, ही अपेक्षा त्याने पक्की केली, आणि पुढच्या अनेक स्थानबद्धांच्या वकिलांनी याच निकालाचा आधार घेतला.

निकालातली ती ‘कसूर’ची कसोटी वाचताना मला आपल्या दोन शब्दांची आठवण झाली. मराठीत ‘उशीर’ आहे आणि ‘दिरंगाई’ आहे. उशीर होतो, दिरंगाई केली जाते. गाडी चुकली, नदीला पूर आला, तर तो उशीर. कागद टेबलावर पडून राहिला, तर ती दिरंगाई. न्यायमूर्तींनी दोन-तीन पाने खर्चून जे सांगितले, ते मराठीत एका ओळीत बसते: ‘फोर्थविथ’मध्ये उशीर क्षम्य आहे, दिरंगाई नाही. जर्मनांच्या दिवाणी संहितेत ‘उनफेरत्सुग्लिश’ या शब्दाची व्याख्याच ‘दोषास्पद विलंबाशिवाय’ अशी दिलेली आहे, म्हणजे तेही याच ठिकाणी पोहोचले. त्यामुळे ‘फोर्थविथ’साठी मला ‘तत्काळ’पेक्षा ‘विनाविलंब’ जवळचा वाटतो. ‘तत्काळ’ घड्याळाकडे पाहतो, ‘विनाविलंब’ माणसाकडे. शिवाय रेल्वेने १९९७ पासून तत्काल तिकिटे विकायला काढल्यावर त्या शब्दाचा अर्थ ‘जादा पैसे भरून’ असा होऊन बसला आहे, तो वेगळाच.

आपल्या जुन्या कागदांत याहून नेमकी एक रीत दिसते. मराठेशाहीतल्या आज्ञापत्रांत काम केव्हा करायचे, ते ‘पत्र देखताच’ अशा शब्दांनी सांगितलेले असते. इथे वेळेला आरंभ आहे. पत्र नजरेस पडले तो क्षण. जासूद पूर ओलांडून चार दिवस उशिरा आला, तर तो दोष पत्र वाचणाऱ्याचा नाही. पण वाचल्यानंतरचा प्रत्येक तास त्याच्या नावावर. ‘फोर्थविथ’ला हा आरंभबिंदू नाही. तो कुणापासून मोजायचा, यावरच निम्मे खटले चालतात.

महाराष्ट्राने पुढे आकड्याची वाटही चालून पाहिली. सरकारी बदल्या आणि कामातला विलंब यांवर २००५ चा जो कायदा आहे, ज्याला सगळे ‘दप्तर दिरंगाई’चा कायदा म्हणतात, त्यात फाईल कुणाही कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांहून जास्त राहू नये असे आहे. तातडीची फाईल शक्यतो चार दिवसांत आणि तत्काळ शेऱ्याची शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी निकालात निघावी, असेही आहे. ‘शक्यतो’ हे क्रियाविशेषण तिथे आकड्यांच्या शेजारी येऊन बसले आहेच.

‘फोर्थविथ’ मात्र आजही रोज कामावर आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की ठाणे अंमलदाराने तिचा अहवाल दंडाधिकाऱ्याकडे ‘फोर्थविथ’ पाठवायचा, हे १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५७ मध्ये होते, १९७३ च्या संहितेत त्याच क्रमांकाच्या कलमात राहिले आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत कलम १७६ मध्ये आहे. हेतू असा की फिर्याद मागाहून बदलता येऊ नये, त्यात नावे घुसवता येऊ नयेत. उशीर झाला एवढ्यावरून खटला कोसळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये पंजाबातल्या एका खून खटल्यात म्हटले. पण उशिराचा खुलासा नसेल, तर बचावाचा वकील तिथेच बोट ठेवतो, आणि कधी कधी सगळी केस त्या फटीतून निसटते. म्हणून खबर नोंदवण्याच्या छापील नमुन्यात शेवटी एक रकाना असतो: न्यायालयाकडे पाठवल्याची तारीख आणि वेळ. जुनी प्रकरणे चाळताना मी आता आधी तो रकाना पाहतो. बऱ्याचदा त्यात तारीख असते आणि वेळेची जागा कोरी असते.